गाळ कुठे गेला?

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात दारूचा एक पेला रिकामा केलेला नाही, आणि तरी आमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या क्लबातलं दारूचं तळघर एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. घोट जिभेवर घ्यायचा, गालात फिरवायचा, नाकाने श्वास सोडायचा आणि शेजारच्या पत्र्याच्या भांड्यात थुंकून टाकायचा. थोरले दीर शिंपी. ते म्हणायचे, "मी दिवसभर दोरा तोंडात घेतो आणि थुंकतो, हीसुद्धा तेच करते. फक्त हिच्या थुंकण्याला पगार जास्त आहे."

क्लबातले लोक त्यांना पाठीमागे गाळणीबाई म्हणायचे. जाऊबाईंना ते माहीत होतं आणि आवडायचंही, कारण त्यांचं खरं काम तेच होतं.

मला हे काम लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी समजलं. पोर्ट म्हणून एक गोड, जड, तांबडी वाइन असते, आणि ती मुरवायच्या दोन तऱ्हा. एक लाकडी पिंपात. लाकडातून हवा लागत राहते, रंग तपकिरी होतो, अक्रोडाचा आणि जळक्या साखरेचा वास येतो. तिला गाळावं लागत नाही. दुसरी दोनेक वर्षांतच बाटलीत भरून, बूच मारून अंधारात आडवी ठेवतात आणि वीस, चाळीस, सत्तर वर्षं विसरून जातात. हवा नाही, उजेड नाही. ती हळूहळू आपला गडदपणा सोडते आणि तो बाटलीच्या खालच्या बाजूला काळपट सालीसारखा चिकटून बसतो. हा गाळ पेल्यात आला तर तोंडात कडू वाळू. म्हणून बाटली दोन दिवस आधी उभी करायची, बूच हळुवार काढायचं, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवायची आणि एका दमात काचेच्या सुरईत ओतायची. हात मध्येच मागे घेतला की तळ ढवळलाच. उजेडात मानेपाशी गाळाची काळी रेघ सरकत आली की थांबायचं. जाऊबाई थांबायच्या त्या क्षणी बाटलीत जेमतेम दोन चमचे उरलेले असायचे. इतका नितळ हात अख्ख्या क्लबाने दुसरा पाहिला नव्हता. म्हणजे, एक सोडून.

तो एक हात त्यांच्या मामांचा. जाऊबाईंच्या आधी तळघर मामांकडे होतं. भाचीला कामाची गरज होती आणि तिचं नाक तिखट आहे हे मामांना ती लहान असतानाच कळलं होतं. शेजारच्या घरात दूध उतू जाण्याआधी ही सांगायची. चार वर्षं त्यांनी तिला शिकवलं आणि किल्ल्या देऊन मोकळे झाले. आता मामा शहाऐंशी वर्षांचे, दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायचे.

क्लबाला पंच्याहत्तर वर्षं व्हायची होती. तळघराच्या शेवटच्या कोनाड्यात बारा बाटल्या होत्या, क्लब निघाला त्याच सालच्या. प्रत्येकीवर वरच्या बाजूला चुन्याची पांढरी रेघ. बाटली हलवली तरी पुन्हा त्याच कुशीवर ठेवता यावी म्हणून ही खूण असते. त्या बाटल्या कुणी उघडत नसे. पाहुण्यांना खाली आणायचं, कंदिलाचा उजेड त्यांच्यावर पाडायचा आणि वर घेऊन जायचं. क्लबाच्या चिटणिसांनी ठरवलं की वर्धापनाच्या दुपारच्या जेवणात या बारा उघडायच्या. हे चिटणीस नीटनेटके, पण तळघरात कधी पाय न ठेवणारे. उंटावरून शेळ्या हाकायची सवय. जाऊबाईंनी एकच अट घातली, की दहा दिवस आधी एक बाटली उघडून बघायची. इतकी म्हातारी वाइन मेलेलीही निघते, आणि दीडशे पाहुण्यांसमोर तसं कळलं तर सगळ्यांचीच शोभा. चिटणिसांनी कुरकुरत होकार दिला.

मी त्या दिवशी मुद्दाम गेले. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. परीक्षानळ्या धुते, द्रावणं बनवून ठेवते, त्यामुळे बाटलीतून बाटलीत काही ओतायचं म्हटलं की मला राहवत नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. नाक त्या वेळी सगळ्यात ताजं असतं म्हणून जाऊबाई हे काम जेवणाआधीच करायच्या. दगडी टेबल, एक सुरई, मेणबत्ती, पांढरं फडकं. बाटली दोन दिवसांपासून उभी होती.

त्यांनी तोंडावरचं मेण सुरीने काढलं, बुचात स्क्रू घातला आणि ओढला. बूच अख्खं बाहेर आलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जाऊबाई मात्र ते बूच बोटांत धरून उभ्याच राहिल्या. सत्तरहून अधिक वर्षांचं बूच भिजलेल्या पावासारखं होतं, ते तुकड्यातुकड्यांनी निघतं, कधीकधी तर बाटलीची मान तापलेल्या चिमट्याने तोडावी लागते. हे ठणठणीत होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि मला मेणबत्ती लावायला सांगितली.

मग ओतायला लागल्या. मी श्वास धरून मानेकडे बघत होते. अर्धी बाटली झाली, पाऊण झाली. काळी रेघ येईना. जाऊबाईंचा हात थांबायच्या जागी थांबला नाही, ओततच राहिला, आणि शेवटचा थेंबही सुरईत गेला. तळाशी चिमूटभर धूळ. त्यांनी रिकामी बाटली खिडकीच्या झरोक्याकडे धरून फिरवली. चुन्याच्या रेघेच्या बरोबर उलट्या बाजूला जाड काळी साल हवी होती. काच धुवून ठेवल्यासारखी स्वच्छ.

"गाळ कुठे गेला?" त्या म्हणाल्या. मला नाही, बाटलीलाच विचारत होत्या.

मग त्यांनी चव घेतली. थुंकल्या, पाण्याने चूळ भरली, पुन्हा घेतली. तोंडाने सांगत गेल्या, ही त्यांची सवय. आधी काळ्या मनुका, मग सुकं अंजीर, इथपर्यंत सगळं ठीक, अशीच असायला हवी. आणि मग मागून, घशाच्या वर, अक्रोड. अक्रोड आणि संत्र्याची वाळलेली साल. त्यांनी तिसऱ्यांदा चव घेतली. अक्रोड लाकडातून येतो. ही वाइन तर लाकडाबाहेर काढून सत्तरहून अधिक वर्षं काचेत होती.

मलाही त्यांनी थेंबभर दिली. मी म्हटलं, खोकल्याचं महागातलं औषध असावं तशी लागते. त्या हसल्या नाहीत. हसल्या नाहीत तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

सगळ्यात जास्त त्यांना छळत होतं ते हे, की वाइन चांगली होती. बिघडलेली असती तर फेकून मोकळ्या झाल्या असत्या. तेवढ्यात चिटणीस जिन्यावरून डोकावले आणि कशी आहे म्हणून विचारलं. अजून निवळतेय, असं सांगून जाऊबाईंनी त्यांना वाटेला लावलं. मग आम्ही दोघींनी उरलेल्या अकरा बाटल्या एकेक करून, जागेवरून न हलवता, मागे विजेरी धरून पाहिल्या. अकराही स्वच्छ.

शेवटच्या बाटलीपाशी जाऊबाईंनी विजेरी मेणावर धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बाटलीचं तोंड वितळलेल्या मेणात बुडवून वर काढताना पीळ द्यावा लागतो, म्हणजे मेण ओघळत नाही. पिळाची शेपटी मेणावर राहते. माझ्या जाऊबाई उजव्या हाताच्या, त्यांची शेपटी उजवीकडे वळते. या शेपट्या डावीकडे वळलेल्या होत्या. त्यांनी सुरईतलं थोडं माझ्या पिशवीतल्या बूचबंद परीक्षानळीत भरून घेतलं, आणि घरी येताना अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "मामा डावखुरे आहेत."

रविवारी सकाळी आम्ही मामांकडे गेलो. रस्ताभर जाऊबाई अडखळत होत्या. मामांनी क्लबाची मूळ वाइन विकून खाल्ली आणि बाटल्यांत भलतंच भरून ठेवलं, हा एकच अर्थ कुणालाही पहिल्यांदा सुचला असता, मलाही सुचला होता. पण त्यांच्या तोंडून तो निघेना. ज्या माणसाने ताट वाढून दिलं त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं?

मामा खिडकीपाशी मटार सोलत बसले होते. लेक बाजारात गेली होती. जाऊबाईंनी शेजारी बसून चार शेंगा सोलल्या, तब्येतीचं विचारलं, आणि मग सरळ सांगितलं की कोनाड्यातली एक बाटली उघडली.

मामांचा हात थांबला. मला वाटलं आता नाकारतील, कानांवर हात ठेवतील. त्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि विचारलं, "कशी लागली?"

जाऊबाई गोंधळल्या. मामांनी पुन्हा विचारलं. रंग कसा होता, कडेला तांबूस की पिवळट, मनुका आधी आली की मागून, तोंडात किती वेळ राहिली. असे प्रश्न की जणू परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली विचारतायत. जाऊबाई उत्तरं देत गेल्या. अक्रोडाचं सांगितलं तेव्हा मामांनी मान हलवली. मग मी परीक्षानळी काढून दिली. डॉक्टरांनी त्यांना सगळं बंद केलं होतं, पण मी त्या वेळी डॉक्टरांचा विचार केला नाही. त्यांनी बूच काढून नाकाखाली धरली. इतका वेळ धरली की मला वाटलं डुलकी लागली. मग करंगळी बुडवून जिभेला लावली.

"जास्त टाकली," मामा म्हणाले. "एक बाटली पुरे होती."

आणि मग, पस्तीस वर्षं कुणालाही ताकास तूर लागू न दिलेली गोष्ट त्यांनी मटारांच्या सालींकडे बघत सांगून टाकली.

क्लबाचं छप्पर पडायला आलं होतं, म्हणून तो अकरा महिने बंद होता. मामा एकटे तळघर सांभाळायला. त्याच सुमाराला पलीकडचं तळघर एका धोबीखान्याने भाड्याने घेतलं आणि कपडे उकळायचा बंब नेमका कोनाड्याच्या भिंतीला लावला. भिंत तव्यासारखी तापायची. मामांच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. तोवर बुचं आकसली होती आणि बाटल्यांच्या मानेवरून चिकट ओघळ उतरले होते. तेव्हा बाटल्या बारा नव्हत्या, अठरा होत्या. त्यांनी क्लबाला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तेव्हाचे चिटणीस हवापालटाला, बाकीची मंडळी पांगलेली. वाट बघितली असती तर अठराच्या अठरा शिरक्याच्या झाल्या असत्या.

म्हणून एका सकाळी त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळ्या उघडल्या. चार आंबल्या होत्या, त्या मोरीत ओतल्या. चौदा गाळल्या, प्रत्येकीची चव घेतली. ओघळून आणि गाळ जाऊन दहा बाटल्यांपुरती वाइन उरली. बाटल्या धुतल्या, नवी बुचं मारली, मेण लावलं, चुन्याच्या रेघा पुन्हा ओढल्या.

"दहा बाटल्या," जाऊबाई म्हणाल्या. "मग बारा कशा झाल्या?"

मामांनी एक शेंग उचलली, सोलली नाही.

"क्लबाचं एक जुनं पीप होतं, त्यातली दोन बाटल्यांइतकी घातली. जुन्या वाइनला उघडल्यावर धाप लागते. म्हटलं, आधार होईल. हे मी स्वतःला सांगितलं." मग म्हणाले, "खरं सांगू? दहाच भरल्या असत्या तरी चाललं असतं. वाचवायचं होतं हे खरं आहे. पण मला बघायचंही होतं. काचेतली आणि लाकडातली, दोघी एका घरात नांदतात का."

नांदतात का ते बघायला पुन्हा बाटली उघडावी लागली असती, आणि उघडायची हिंमत त्यांना नोकरी सुटेपर्यंत झाली नाही. उत्तराशिवाय पस्तीस वर्षं काढली. जाऊबाईंनी विचारलं, मला का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं. आता तुझ्या हाताने उघडलीस, आता तू ठरव.

निघताना त्यांनी परीक्षानळी परत दिली नाही.

जाऊबाई सोमवारी चिटणिसांच्या खोलीत गेल्या. ते त्यांनी मला संध्याकाळी भाजी चिरताना सांगितलं. चिटणिसांनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं आणि आणखी कुणाला माहीत आहे ते विचारलं. मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. वाइन चांगली आहे ना? मग दीडशे माणसांत कुणाला अक्रोड ओळखता येणार आहे? जाऊबाई म्हणाल्या, "मला येतो. त्या सालच्या नावाने ही माझ्या हातून ओतली जाणार नाही." चिटणीस म्हणाले, दुसरा कुणी ओतेल. जाऊबाई म्हणाल्या, जरूर ओतू द्या, पण हे एकदा कार्यकारिणीपुढे ठेवा. नाहीतर मी स्वतः अध्यक्षीणबाईंकडे जाते.

ही धमकी होती आणि जाऊबाईंना धमकी देता येत नाही. सांगतानासुद्धा त्यांनी अर्धी भाजी देठांसकट चिरून टाकली.

बुधवारी अकरा वाजता बैठक झाली. क्लबाच्या अध्यक्षीण म्हणजे निवृत्त डॉक्टरीणबाई, डोळ्यांच्या. मामांना बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले, जुना काळा कोट घालून, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. उभं राहून त्यांनी जसं आम्हाला सांगितलं तसंच सांगितलं, "बघायचं होतं" हेसुद्धा गाळलं नाही. एक सभासद म्हणाले की सबबी नंतर सगळ्यांनाच सुचतात, पत्रं पाठवली याला पुरावा काय? मामांकडे पुरावा नव्हता.

तेव्हा चिटणीस उठून बाहेर गेले. मामांना खोटं पाडायलाच गेले असावेत, असं जाऊबाईंचं मत. अर्ध्या तासाने धुळीने माखलेली जुनी फाइल घेऊन परतले. दोन्ही पत्रं तिच्यात होती, एकाच टाचणीला लावलेली. दोन्हींवर त्या वेळच्या कुणीतरी शेरा मारला होता: पुढील सभेत ठेवावे. पुढची सभा अकरा महिने झालीच नव्हती. चिटणिसांनी पत्रं मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्यात मामांनी लिहिलं होतं, "उत्तर न आल्यास मला योग्य वाटेल ते करीन आणि त्याचा दोष माझा." वाचून झाल्यावर चिटणिसांनी फाइल मिटली आणि ते खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी पेला मागवला. चव घेतली, गिळली, पुन्हा मागवला. मामांना विचारलं की बाटल्या कधी उघडल्याच नाहीत असं वाटावं म्हणून त्यांच्यावरच्या रेघा पुन्हा का ओढल्या, तेवढं तरी करायला नको होतं. मामा म्हणाले, बरोबर आहे, ते चुकलंच. त्यावर बाई म्हणाल्या की मग आपण रेघा पुसून टाकू.

वर्धापनाच्या जेवणात अकरांपैकी नऊ बाटल्या उघडल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी उभं राहून तीन-चार वाक्यांत खरी हकीकत सांगितली. एका निवृत्त न्यायाधीशांनी पेला दूर सारला आणि पाणी मागितलं. त्यांच्या टेबलावरच्या दोघांनीही त्यांच्या मर्जीखातर तसंच केलं, पण डोळे पेल्यावर. बाकीच्यांनी घेतली. काहींना आवडली, एका बाईंना फार गोड वाटली, आणि बऱ्याच जणांना अक्रोड सापडला, कारण आता तो शोधायचा हे त्यांना ठाऊक होतं. मामा त्या दालनात चाळीस वर्षं वाढपाची घाई बघत भिंतीला लागून उभे राहिलेले, त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले, तेही टोकावर. लोक येऊन विचारत होते, धोबीखान्याचं, बंबाचं, आंबलेल्या चारांचं. ते सगळ्यांना उत्तरं देत होते, आणि नजर सारखी ओतणाऱ्या जाऊबाईंच्या मनगटाकडे. एकदा त्यांनी खुणेने सांगितलं, हळू.

पुढच्या थंडीत मामा गेले, झोपेत, फारसा त्रास न होता. जाऊबाईंनी आठ दिवस रजा घेतली आणि नवव्या दिवशी कामावर गेल्या.

त्यानंतर महिनाभराने एका सकाळी चिटणीस तळघराचा जिना उतरून खाली आले. जाऊबाईंना वाटलं काही तक्रार आहे. ते बराच वेळ फडताळांमधून फिरले, बाटल्यांवरच्या रेघा वाचल्यासारख्या बघितल्या आणि मग विचारलं की गाळाची ती काळी रेघ नेमकी दिसते कशी, मला दाखवाल का. जाऊबाईंनी एक साधी, तीसेक वर्षांची बाटली दोन दिवस उभी करून ठेवली आणि ती त्यांच्याच हातात दिली. मेणबत्ती स्वतः धरली. चिटणिसांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, श्वास रोखला, छान ओतत आणलं, आणि रेघ मानेपाशी आलेली बघून इतके खूश झाले की थांबायचंच विसरले. काळा लोट सुरईत उतरला.

जाऊबाईंनी फडकं पुढे केलं. चिटणीस सुरईकडे बघत विचारत होते, दुसरी कधी उभी करायची.